कॅटलिनाचं थिगळ आणि देवाजीकाका

ग्रुपवाल्यांनो, आज डोकं गरम होऊन राहिलं माझं.

नव्या मंडळींसाठी सांगतो. आपल्या विमानप्रेमींच्या ग्रुपवर पाण्यावर उतरणाऱ्या जुन्या कॅटलिना विमानाचा फोटो आला होता. लढाईतल्या कॅटलिनाला मागे दोन्ही बाजूंना काचेचे फुगे असत. याला नाहीत. मग ते नंतर काढले, की मुळातच नव्हते? तीन दिवस मी फोटो मोठा करकरून पाहिला, काही कळेना.

आज सकाळी नदीवर, कारध्याला मासोळ्या घ्यायला गेलो. तिथे डोंगे दुरुस्त करणाऱ्या देवाजीकाकांना फोटो सहज दाखवला. त्यांनी नेमकं फुग्याच्या जागी बोट ठेवलं.

"इथं भोक होतं गा, बुजवलं. कडेचे खिळे पाह्य, किती दाट हायेत! सलग पत्र्याले येवढे कायले ठोकल कोनी?"

खरंच, रिव्हेटांची चौकट स्पष्ट दिसत होती! मी तिथूनच ग्रुपवर लिहिलं, "फुगे होते, नंतर काढले." तुम्ही विचारलं, "पुरावा काय?" मी काकांचं नाव सांगितलं, तर हसणाऱ्या इमोज्यांची रांग लावली. रिव्हेट कोणीच पाहिले नाहीत.

काका उत्सुकतेने विचारत होते, "काय म्हणून राहिले तुये दोस्त?"

"रेंज नाही जी, काका."

आता सांगा, उद्या कारध्याला कोणत्या तोंडानं जाऊ?