कार्डाची मागची बाजू

शाळेच्या ग्रंथालयात बाई सव्वीस वर्षं बसत होत्या, आणि या सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलामागच्या लाकडी खणांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. एकूण चोवीस खण. आत दाटीवाटीनं उभी असलेली कार्डं, एका पुस्तकाला एक. पुढच्या बाजूला शाईनं पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट, फळी. मागच्या बाजूला मात्र शिसपेन्सिलीनं बाईंचा खाजगी कारभार चालायचा.

तिथं काय नव्हतं? 'शेवटची दोन पानं फाटलीत. आधीच सांगावं, नाहीतर पोरं अंगावर येतात.' 'खारीची गोष्ट. ज्याच्या घरी नवं बाळ आलंय त्याला द्यावी, रुसवा जातो.' 'सगळं वाचल्याचा आव आणतो, वाचता येत नाही. चित्रांचं द्यावं, गाजावाजा न करता.' मुलांची नावं बाई कधीच लिहीत नसत. नोकरीच्या पहिल्या वर्षी घालून घेतलेला तो नियम. नावाऐवजी एखादी खूण: 'शर्टाचं बटण चावणारा', 'मागच्या बाकावरची लांबूडकी'. खुणेवरून माणूस फक्त त्यांना कळायचा, अशी त्यांची पक्की समजूत.

मग एके दिवशी मुख्याध्यापकांनी सांगितलं की ग्रंथालय आता वेबसाइटवर जाणार. मुलांना घरबसल्या पुस्तक शोधता आलं पाहिजे. कार्डं भरायला तीन महिने. शिकवायला संगणकाच्या मॅडम.

संगणकाच्या मॅडम म्हणजे सव्वीस वर्षांची मुलगी. बाईंच्या नोकरीएवढं तिचं वय. बोलायला लागली की श्वास घ्यायला थांबायची नाही.

"बाई, माऊस असा धरायचा. अहो, दाबून नका धरू, तो काही पळून जात नाही."

"पण बाण पळतो ना!"

"तुम्ही हात उचलता म्हणून. आणि क्लिक हळूच करायचं. दार ठोठावल्यासारखं नाही."

पहिल्या आठवड्यात बाईंनी एकच पुस्तक अकरा वेळा भरलं. दुसऱ्या आठवड्यात भूगोलाचं अख्खं कपाट स्वयंपाकाच्या विषयात घातलं. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र हात बसला. एक डोळा कार्डावर, एक पडद्यावर, आणि दोन बोटांनी टकटक टकटक. दिवसाला सत्तर कार्डं व्हायला लागली. मॅडम येऊन बघून जायच्या, "बाई, तुम्ही तर सुसाट सुटलात," म्हणायच्या. बाई नुसत्या चष्मा पुसायच्या, पण मनातून हरखून जायच्या.

भीती एकाच गोष्टीची होती. पासवर्डची. पहिल्याच दिवशी एक अक्षर चुकलं, पुन्हा चुकलं, तिसऱ्यांदा चुकलं, आणि यंत्रानं बाईंना स्वतःच्याच ग्रंथालयाबाहेर काढलं. मॅडम सुटीवर. अख्खा दिवस बाई कुलूप लागलेल्या पडद्यासमोर बसून राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला. मॅडमनी बजावून ठेवलं होतं, "काम झालं की लॉगआउट करायचं, आणि एकदा बाहेरून बघायचं, मुलांना कसं दिसतंय ते." बाई मान डोलवायच्या आणि नुसता पडदा बंद करून घरी जायच्या. आत शिरलो आहोत ना, मग बाहेर पडायचंच कशाला?

आणि कार्ड म्हणजे कार्ड. पुढची बाजू भरायची तशी मागचीही भरायची, अर्धवट काम बाईंच्या स्वभावात नव्हतं. फॉर्मच्या तळाशी एक चौकोन होता, 'शेरा' असं लिहिलेला. त्यांना वाटलं, बरोबर, हाच आपला मागचा भाग. शेऱ्यातलं कोण बघणार? खण आपल्याच टेबलामागे तर आहेत.

तीन महिने संपले त्या सोमवारी वेबसाइट सगळ्यांसाठी उघडली. मुलांच्या आणि पालकांच्या फोनवर तिचा पत्ता गेला. मुख्याध्यापकांनी सकाळी सगळ्या वर्गांसमोर बाईंना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. बाई लाजेनं चूर.

बुधवारी सातवीच्या वर्गाचा वाचनाचा तास होता. या वर्गात बाईंची एक फार जुनी गिऱ्हाईक होती. पहिलीपासून येणारी, खिडकीजवळच्या खुर्चीवर पाय वर घेऊन वाचणारी, डोक्याला कायम दोन घट्ट वेण्या. बोलायची कमी. वाचून झालं की पुस्तक टेबलावर ठेवताना बाईंकडे एकदा बघायची. आवडलं असेल तर भुवया वर, नसेल तर नाक मुरडलेलं. सहा वर्षं दोघींचा संसार या भुवयांवर आणि नाकावर चालला होता.

त्या दिवशी ती खिडकीजवळ बसली आणि पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "ए, बटण दाब रे. दिव्याला अंधार वाटत असेल."

खी खी खी. दुसऱ्यानं खरंच उठून दिवा लावला. बाहेर लख्ख ऊन.

"कोण तो शहाणा? बस खाली!" बाई कडाडल्या. वर्ग गप्प झाला, पण हसू गालात दाबलेलंच होतं. मुलीनं पुस्तक मिटलं. टेबलावर ठेवताना बाईंकडे बघितलं. भुवया नाहीत, नाक नाही. नुसतं बघितलं आणि दाराबाहेर निघून गेली.

 ती अशी का गेली, ते बाईंना कळलं नाही.

तास संपल्यावर त्या संगणकाच्या खोलीत गेल्या. "मॅडम, सातवीत कुणाला दिवा म्हणतात हो? काय भानगड आहे?"

मॅडमचा चेहरा पडला. "बाई, मी आज तुमच्याकडे येणारच होते. मला आत्ताच कळलं." त्यांनी खिशातला फोन काढून पुढे धरला.

पडद्यावर दीपगृहात राहणाऱ्या मुलीची गोष्ट होती. छान मुखपृष्ठ, नाव, कपाट, फळी. आणि खाली शेरा: 'तिसरी ब, दोन वेण्यांची. रात्री दिवा चालू ठेवून झोपते, घरचे ओरडतात. हे पुस्तक तीनदा नेलं. चौथ्यांदा मागितलं तरी द्यावं.'

"हे तुमच्या फोनवर कसं आलं?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांच्याच फोनवर आहे, बाई. शेरा सगळ्यांना दिसतो. तुम्ही बाहेरून एकदाही बघितलं नाहीत?"

 बाई बाकावर टेकल्या. दोन वेण्यांची! तिसरी ब मधली तीच चाळीस पोरं आता सातवीत होती. नाव लिहिलं नाही म्हणून आपण इतकी वर्षं स्वतःची पाठ थोपटली, आणि खूण अशी की आंधळ्यालाही माणूस सापडावा.

मॅडमनी भराभर बटणं दाबली आणि चार हजार शेरे एका फटक्यात झाकून टाकले. प्रत्येक शेऱ्याशेजारी एक बारकी कळ होती, 'सर्वांना' की 'फक्त ग्रंथपाल'. तीन महिने ती बाईंच्या डोळ्यांसमोर होती. "बाकीच्या शेऱ्यांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही. पण याचे मुलांनी फोटो काढून ठेवलेत, बाई. ते मला नाही पुसता येणार."

गुरुवारी मुलगी आली नाही. शुक्रवारी नाही. पुढचा बुधवार आला, तर सातवीच्या ओळीत ती नव्हती. पोट दुखतंय म्हणून वर्गातच बसली होती. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. बाईंना वाटलं, चार हजार पुस्तकं यंत्रात भरली आणि वाचणारी एक हातची घालवली. ती परत येईल का, एवढाच एक प्रश्न आठवडाभर त्यांच्या डोक्यात घोंघावत होता.

घरी बाई आणि त्यांची थोरली नणंद, दोघीच. बाईंचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून नणंद आपलं बिऱ्हाड मोडून इथं राहायला आली होती. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. कानाला यंत्र लावून गावभरचे फोन जोडून द्यायचे. जीभ अशी की कात्रीनं लाजावं.

"वहिनी, तीन दिवस चहात साखर नाही. मला मधुमेह झाला की तुला?"

बाईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता डोळे भरून आले.

नणंदेनं कप खाली ठेवला. "आम्हाला एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी सांगायचे, कानावर पडेल ते ओठावर येता कामा नये. तरी एकदा माझ्या तोंडून निसटलं. कापडदुकानदार भेटला, मी म्हटलं, अभिनंदन, मुलीचं जमलं वाटतं! त्यानं अजून घरातही सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा असा पांढराफटक पडला ना. मला बघितलं की रस्ता बदलायचा."

"मग तुम्ही काय केलंत, वन्सं?"

"काय करणार? बोललेलं परत घेता येतं का? एक दिवस दुकानात गेले आणि माझं एक त्याला सांगून टाकलं. माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं, ते का मोडलं ते. कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हटलं, घ्या, आता तुमच्याकडेही माझं काहीतरी आहे. त्यानंतर जन्मभर बोलत होता."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कुठे?" नणंद म्हणाली आणि साखरेचा डबा आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी बाई यंत्रासमोर बसल्या. दीपगृहाच्या मुलीची गोष्ट काढली. जुना शेरा पार पुसला. नवा लिहायला अर्धा तास लागला. मग ती बारकी कळ शोधली, ती स्वतःच्या हातानं 'सर्वांना' वर नेली, दोनदा खात्री केली. आणि मग तीन महिन्यांत जे केलं नव्हतं ते केलं. लॉगआउट.

पडदा बदलला. आता त्या बाहेर होत्या, मुलांसारख्या. त्यांनी पुस्तक शोधलं. खाली दिसलं:

'या पुस्तकाखाली मी एका वाचकाची गोष्ट उघड केली होती. मला तो अधिकार नव्हता. चूक माझी, तिची क्षमा मागते. आता माझी गोष्ट. वय चोपन्न. न्हाणीघरातला दिवा चालू असल्याशिवाय मला झोप येत नाही. घरात दुसरं माणूस आहे, दाराला दोन कड्या आहेत, तरी नाही. हे पुस्तक मी चारदा वाचलं आहे. — ग्रंथपाल.'

दुपारी मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. "बाई, अहो हे काय? पालक वाचतात हे!"

"वाचू देत, सर. चूक सगळ्यांसमोर झाली. माफी कोपऱ्यात कशी मागू?"

मुख्याध्यापक टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "दोन कड्या? आमच्याकडे तीन आहेत." आणि कामाला लागले.

आठवडाभरात 'दिवा' हे नाव पोरांनी मुलीवरून काढून बाईंना चिकटवलं. दिवाबाई. जिन्यात ऐकू यायचं, "दिवाबाई आल्या रे!" बाई न ऐकल्यासारखं करायच्या. एकदा तर मागे वळून म्हणाल्या, "आले ना, मग उजेड पडला का डोक्यात?" पोरं पळत सुटली. तरी खिडकीजवळची खुर्ची रिकामीच होती.

ती आली मधल्या सुटीत, एकटीच. आधी बाईंनी ओळखलं नाही. दोन वेण्यांची आता एक वेणी झाली होती.

"ते तिसरीतलं होतं," ती दारातूनच म्हणाली.

"हो गं."

"चौथीपासून मी दिवा बंद करून झोपते. तुम्ही खोडलंच नाही."

"मला ठाऊकच नव्हतं."

"विचारायचं ना मग."

 बाई उठल्या, सतरावा खण ओढला आणि ते कार्ड काढून मुलीच्या हातात दिलं. सोबत खोडरबर. मुलीनं कार्ड उलटून वाचलं. बराच वेळ वाचलं, एवढुशा चार ओळी. मग टेबलावर ठेवून वेणी आणि दिवा दोन्ही घासून घासून काढलं. शेवटच्या दोन ओळी तशाच ठेवल्या: तीनदा नेलं, चौथ्यांदा मागितलं तरी द्यावं. रबराचा भुगा फुंकून टाकला.

"द्या," ती म्हणाली.

"काय?"

"पुस्तक. चौथ्यांदा मागतेय."

बाईंनी फळीवरून पुस्तक आणलं. नोंद आता यंत्रात करायची होती, आणि यंत्र रोजच्या नव्या सवयीप्रमाणे लॉगआउट करून ठेवलेलं. पासवर्ड घालावा लागणार. बाईंनी पासवर्ड लिहून ठेवलेली वही न उघडता एकेक अक्षर आठवत बोट उचललं.

मुलगी पाठ फिरवून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"घाला सावकाश," ती म्हणाली. "मी बघत नाहीये."