भिंतीचा ताप

आमच्या सोसायटीतले एक काका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे. तळहात नव्हे, पालथा हात. आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा. क्षणभर डोळे मिटून निकाल द्यायचे, "ताप आहे. पडदा ओढा." मगच चहाला बसायचे.

मंडळी, असा शेजारी तुम्हालाही लाभला असेल. आम्हाला बेव्हर्ली पार्कात सातव्या मजल्यावर लाभला. त्यांच्या डोक्यावर थेट गच्ची, खिडक्या पश्चिमेला. दर मार्चमध्ये काका लुंगी खोचून आपल्या खोलीवरच्या गच्चीला स्वतः चुना मारायचे. सकाळी नऊला खिडक्या बंद, ऊन उतरलं की सताड उघड्या. लिफ्टमध्ये मी त्यांची नक्कल फार झकास करायचो.

"एसी घ्या ना, काका," मी एकदा म्हटलं.

"हिला सोसत नाही. छाती भरते."

'ही' म्हणजे पलंगावरच्या काकू. अर्धांगवायूत त्यांची वाचाही गेली होती. "उकडतंय हे तिला सांगता येत नाही," काका म्हणाले, "म्हणून भिंतीला विचारतो."

पुढे गच्ची गळू लागली. सोसायटीने काळं डांबरी शीट टाकायचं ठरवलं. सेक्रेटरी मी. सभेत काका उभे राहिले.

"शीट टाका, पण वरून पांढरा रंग मारा. नाहीतर खोलीची भट्टी होईल."

"काका, भिंतीला तापाची गोळी द्या!" मी म्हणालो. काय हशा पिकला! "रंगाचं दिवाळीनंतर बघू."

"उन्हाळा दिवाळीपर्यंत थांबतोय का, सेक्रेटरीसाहेब?"

एप्रिलमध्ये शीट पडलं. त्यावर चुना मारला तर गॅरंटी जाईल, अशी नोटीस काकांच्या दाराला मीच चिकटवली.

मे महिन्यात काकू गेल्या. डॉक्टरांनी कारण वय सांगितलं. भरदुपारी त्या खोलीत उभा होतो. शर्ट पाठीला चिकटला होता. उकाड्याबद्दल कोणीच बोललं नाही. मीही नाही. काकांचे दोन्ही हात मांडीवर होते. भिंतीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दिवाळीनंतर गच्ची पांढरी झाली. तोवर काका मुलीकडे राहायला गेले होते. किल्ली माझ्याकडे.

यंदा मे महिन्यात गळती बघायला दुपारी तीनला ती खोली उघडली. पलंग तिथेच आहे. पालथा हात भिंतीला लावला. गार होती.

तरी पडदा ओढला, आणि कुलूप लावलं.