तिसरा पुकारा

वर्ध्याच्या जुन्या काळ्या दगडी कोर्टात पुकारा द्यायचा तर मधल्या कमानीखाली उभं राहायचं, म्हणजे आवाज थेट फाटकाजवळच्या लिंबापर्यंत जातो. ही युक्ती इंग्रजांच्या वेळेपासून शिपायाकडून शिपायाकडे आलेली. सत्याग्रहींची नावंही याच कमानीतून पुकारली गेली, असं म्हातारे सांगत. शिपाई तानबानं उभी नोकरी इथंच काढली. कागदावर असेल तेच नाव तीनदा पुकारायचं, एक शब्द जास्त नाही. पलीकडे नवी इमारत उठते आहे, तिथं म्हणे फलकावर नंबर झळकणार. झळकोत बापडे!

आज मात्र पुकारायची होती त्याचीच लेक, वर्षाली. नवऱ्यानं तिचा हात चुलीत धरला होता, त्या खटल्यात तिची साक्ष होती. भीतीपोटी मागच्या दोन तारखांना ती आलीच नव्हती. आजही उभी राहिली नाही, तर तिच्या साक्षीविनाच खटला निकालात निघणार आणि नवरा मोकळा सुटणार.

"दुसऱ्याले पाठवा ना, साहेब," तानबानं सकाळी शिपायांची कामं लावणाऱ्या नाझरला विनवलं होतं.

"दुसरा रजेवर आहे. अन् तुले पुकाराच द्याचा आहे, निकाल नाई!" म्हणत नाझर हसला होता. मेल्याला हसू तरी कसं आलं?

वर्षाली आली होती, पण लिंबाखालीच थिजली होती. पायऱ्यांवर तिचा नवरा रजत भावांना घेऊन ऐसपैस बसला होता.

"वर्षाली रजत ढगे, हाजिर हो!"

ती हलली नाही. धावत जाऊन तिचा हात धरावा, असं तानबाला वाटलं, पण कमान सोडायची मुभा नव्हती. दुसऱ्या पुकाऱ्याला तर तिनं पाठच फिरवली आणि फाटकाकडे चालू लागली. रजत हसला. आतून न्यायाधीशांनी विचारलं, "झाला का पुकारा?"

ओठांवर आलेलं कागदावरचं नाव तानबानं गिळलं.

"वर्षे! काऊन भेऊन राह्यली वो माय? तुहा बाप उभा आहे अठी. ये!"

आवारातल्या साऱ्या माना वळल्या. वर्षाली थांबली, वळली, ओढणी खोचून त्या भावांच्या मधूनच पायऱ्या चढली. इतक्या डोळ्यांदेखत कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही.

तानबानं कोर्टाच्या दाराचा पडदा वर धरला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे काय पुकारलंत, तानबा?"

"चुकलं, साहेब," तो म्हणाला. "साक्षीदार हाजिर आहे."