न छापलेला शेवट

मास्तर स्वतःचा सोनाटा कधीच शेवटपर्यंत वाजवत नसत. शेवटचं पान आलं की हात मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "इथून पुढचं माझं नाही." न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात आमच्या शेजारी राहणारा हा नव्वदीचा रशियन माणूस एके काळी तिकडचा नावाजलेला पियानोवादक आणि संगीतकार होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर आमच्या लेखी ते मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून डेअरीत दूध आणायला जाणारे तिरसट आजोबा होते.

ओळख झाली ती माझ्या आगाऊपणामुळे. इथल्या हॉलमध्ये ते वाजवत असताना मधेच माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं. लोक वळून बघायला लागले, बायकोने कोपर मारलं. कार्यक्रम संपल्यावर मास्तर मला शोधत आले. आता खरडपट्टी, असं वाटलं. पण त्यांना ते नेमकं कुठे आणि का निघालं, एवढंच हवं होतं. मी सांगितलं, आमच्याकडे आवडलं की गप्प बसवत नाही, त्याला दाद म्हणतात. ते खूश झाले. जन्मभर पुतळ्यांसमोर वाजवत आलोय, म्हणाले.

मग दर रविवारी मला हक्काने बोलावणं येऊ लागलं. त्यांचा डावा हात कवायतीसारखा ठाम चालायचा आणि उजवा त्यावर अंगाई म्हणायचा, भीतभीत, कुणी ऐकेल की काय अशी. त्या सोनाटाचा मूळ शेवटही असाच हळू होता. पण लोकांनी छाती फुगवून घरी गेलं पाहिजे, असं वरून, तिकडच्या सरकारकडून, सांगण्यात आलं. तरुण मास्तरांनी घाबरून दणदणीत विजयी शेवट जोडला, मूळचा फाडून टाकला. छापला गेला तो जोडलेलाच. फाडलेला पुढे त्यांना कधी आठवला नाही. आयुष्यभर ते तो शोधत होते, आणि आता माझ्या 'वा'वर त्यांची भिस्त होती.

एका रविवारी तो सापडला. डावा हात थकत थकत थांबला आणि उजव्याचे थोडेच सूर उरले. माझा गळा असा दाटला की शब्दच फुटेना. मास्तर वाट बघत राहिले. मग त्यांनी हळूच झाकण लावलं. "नाही ना? हाही नाही."

दुसऱ्या दिवशी मी धावत जाऊन सांगितलं, मास्तर, तोच होता, मला बोलताच आलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "चांगला आहेस रे तू. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून आलास." तो शेवट त्यांनी पुन्हा वाजवला नाही, आणि लिहूनही ठेवला नाही.

त्याच हिवाळ्यात ते गेले. निरोपाच्या वेळी त्यांच्या एका जुन्या शिष्येने डोळे पुसत तो सोनाटा वाजवला, छापील प्रतीवरून, शेवटच्या पानासकट. हॉल दणाणला, लोक उभे राहिले. तिचा काय दोष? तिला दुसरा शेवट मिळणार कुठून?

तो ऐकलेला मी एकटाच. कधी ट्रेनमधून घरी येताना त्यातले दोन-तीन सूर आठवतात, पुढचे निसटतात. आणि मला पियानो वाजवता येत नाही.