माझ्या कवितेतली शिवी माझी नव्हती

"हे तुझं नाही वाटत."

सरांनी माझी कविता दोन बोटांनी उचलून टीपॉयवर टाकली. कोल्हापुरात ताराबाई पार्कातला त्यांचा दिवाणखाना. भिंतीवर चित्रं, सोफ्यावर पुण्याहून आलेलं एक जोडपं, पुढ्यात काजूची बशी. मी प्लास्टिकच्या खुर्चीत. मी आलो की ती खुर्ची आतून आणली जायची. सोफ्यावर जागा असली तरी.

"जलरंग, कोरा कागद, ऊन. छान आहे रे. पण हे आम्ही लिहायचं. तू तुझ्या लोकांचं लिही की. भूक, भट्टी, शिव्या. तुझी भाषा कच्ची असली तरच खरी वाटते."

पाहुणे हसले. त्यातल्या बाईंनी माझ्याकडं कळवळून बघितलं, दवाखान्यात दुसऱ्याच्या पेशंटकडं बघतात तसं.

सर म्हणजे मोठं नाव. कवितांचे संग्रह काढायचे, चित्रांवर लिहायचे. कोल्हापुरात नव्या चित्रकाराचं प्रदर्शन लागलं आणि सरांनी त्यावर लिहिलं नाही, तर ते लागलंच नाही असं धरायचे लोक. मी शहराबाहेरच्या उचगावचा. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला, लोखंडाच्या भट्टीवर. मी चित्रकलेचा डिप्लोमा केला, कविता करायचो आणि सरांच्या शब्दावर एका पेपरात चित्रांवर लिहायला लागलो होतो. सरांना आता वंचितांच्या कवितांचा संग्रह काढायचा होता. आमच्या वस्त्यांतली दारं त्यांना माहीत नव्हती, मला होती. म्हणून कविता गोळा करायचं काम माझ्याकडं आलं.

मी आजऱ्यापासून शिरोलीपर्यंत फिरलो. आजऱ्यात काजू फोडणाऱ्या एका बाईनं कविता दिली, मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची. आमच्या मागच्या गल्लीतल्या मुमताजभाभी ब्लाउज शिवतात. त्यांनी मशीनवरून न उठताच विचारलं, "जशी हाय तशीच छापणार न्हवं, दादा?"

"जशी हाय तशी," मी म्हणालो.

शब्द दिला मी. भाभींची कविता नणंदेच्या हसण्यावर होती. ती हसायला लागली की फळीवरची भांडीसुद्धा हसतात, एवढीच गोष्ट. ती वाचून मी भर रस्त्यात एकटाच हसत घरी गेलो होतो.

छपाईच्या आधी तपासायला पानं माझ्याकडं आली.

माझी कविता अशी होती: 'पांढरा रंग मी लावत नाही. तिथं कागद कोरा ठेवतो, ऊन आपणहून येऊन बसतं.' जलरंगात पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं. ते शिकायला माझी उमेदीची वर्षं गेली. तपासायला आलेल्या पानावर होतं: 'भडव्या कागदा, तू गोरा, मी काळा, माझ्या पोटात भट्टी पेटली.'

शिवी सरांची. भट्टी सरांची. खाली नाव माझं.

भाभींच्या नणंदेला सरांनी बुरखा चढवला होता आणि शेवटी तलाकही देऊन टाकला होता. ती इचलकरंजीत नवऱ्याबरोबर मजेत आहे. काजूवाल्या बाईच्या मुलीची शाळा गायब. त्या जागी आईच्या बोटांचं रक्त. प्रत्येकाच्या नावाखाली परिचय. जात, धंदा आणि 'झोपडीत जन्म'. आमचं घर स्लॅबचं आहे.

मला किळस आली. राग नंतर आला, आधी किळस. कुणी तरी आपल्या ताटात थुंकावं आणि तोच घास प्रेमानं आपल्याला भरवावा, तशी. शाळेत मास्तरांनी मागं बसवलं, तेव्हा निदान कळत होतं की हा माणूस आपला वैरी आहे. हे सर तर माझ्या पाठीवर हात ठेवायचे.

मी पानं घेऊन भाभींकडं गेलो. त्यांची कविता त्यांना वाचून दाखवली. मशीन थांबली.

"माझ्या कवितेत बुरखा कुटनं आला? मी घालत न्हाय, नणंद घालत न्हाय. सरांच्या घरात कोण घालतंय काय?"

"सर म्हणत्यात, अशी खरी वाटती."

भाभी सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "सरांनी लिवलंय न्हवं? मग सरांचंच नाव घाला म्हणावं खाली. माझं काढा."

बाकीच्यांना मी फोन केले. प्रत्येकाला त्याचं पान वाचून दाखवलं. सगळे तेच म्हणाले, कुणी रडून, कुणी शिव्या देऊन. त्या शिव्या मात्र अस्सल होत्या. मग मी सरांकडं गेलो. खुर्ची आतून आणली गेली. मी बसलो नाही.

"सर, आमच्या कविता संग्रहातून काढून टाका."

"काय पावणं, तापलासा व्हय?" सर हसले. माझ्याशी ते मुद्दाम असं बोलायचे. पुण्याच्या पाहुण्यांशी कधी नाही. "अरे, मी तुम्हाला वर आणतोय. हे बघ, कव्हरवर माझ्या नावाखाली तुझं नाव टाकतो. सहसंपादक. झालं?"

मला आयुष्यात नेमकं तेवढंच हवं होतं. कव्हरवर नाव. वडिलांनी ते पुस्तक फौंड्रीत सगळ्यांना दाखवलं असतं. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्या सुटलेल्या पाण्याचीच मला शिसारी आली.

"नको," मी म्हणालो. "तुम्हाला आमची गरिबी पाहिजे. आमची कविता नको."

सरांचं कोल्हापुरी तिथल्या तिथं संपलं. "बाहेर हो. तुला आता कोण छापतं ते बघतोच."

त्यांनी शब्द पाळला. पेपरातलं माझं सदर बंद झालं. संपादकांनी फोन उचलणं सोडलं. प्रदर्शनांची निमंत्रणं थांबली. संग्रह दुसऱ्यांच्या कविता घेऊन आमच्याशिवाय निघाला, त्याचं कौतुकही झालं. मी बिननिमंत्रणाचा प्रदर्शनांना जात राहिलो. बघायचो आणि फोनवरच लिहून लोकांना पाठवायचो. हळूहळू चित्रकार स्वतः बोलवायला लागले. कवितांचे संग्रह आता मीच काढतो. पहिल्या संग्रहात पहिली कविता भाभींची आहे, हसणाऱ्या नणंदेची.

गेल्या महिन्यात सरांच्या गौरवग्रंथाच्या समितीतून फोन आला. आवाज गोड. "तुमच्यासारख्या तळातून आलेल्या माणसानं सरांच्या ऋणाबद्दल लिहावं, अशी इच्छा आहे."

तळातून. अजून तेच.

"लिहितो की," मी म्हणालो. "मी समीक्षक आहे. सरांनी आमच्या कवितांचं काय केलं ते लिहितो. आधीची ओळ आणि नंतरची ओळ, एकाखाली एक."

पलीकडून फोन ठेवला गेला. लेख मी लिहायला घेतला आहे. त्यांनी नाही छापला तर माझ्या पुढच्या संग्रहाला तीच प्रस्तावना.

आता त्या संग्रहासाठी कविता पाठवणाऱ्यांना सांगतो. जात लिहू नका, धंदा लिहू नका. घराचा फोटो नको. वेलांटीसुद्धा तुम्हाला विचारल्याशिवाय बदलणार नाही. आणि कविता वाईट असली तर परत येईल. तुम्ही कितीही सोसलेलं असलं तरी परत येईल, माझे सख्खे भाऊ असलात तरी. का नाकारली ते तोंडावर सांगेन. भांडायचं असेल तर उचगावात या, बसून भांडू. पण कीव येऊन मी कुणाची एक ओळ छापणार नाही. मेलो तरी नाही.