अठरा फुटांचा ढाळ

मोबाईलवर प्रकाशचा आवाज आला, "आबा, बाबा गेले," आणि मी विचारलं, "कुठं?" पलीकडं पोरगं गप्प झालं, तेव्हा कुठं मला उमगलं. त्याला आता सव्वा महिना झाला. प्रकाशचे बाबा म्हणजे भोरचे किसनराव मिस्त्री, पाइपाचं काम करणारे, माझे पन्नास वर्षांचे सोबती. मी शिवऱ्याचा गवंडी. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी बुडवून. पण माझ्या हातच्या कुठल्याही भिंतीला ओळंबा लावून बघा, असं मी आजही छाती पुढं काढून सांगतो. ह्याच छातीनं एक गोष्ट इतकी वर्षं दाबून धरली. ती आता सांगायला पाहिजे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधीचं बोलतोय. पुणे-सातारा रस्त्याला लागून मी दुमजली घर बांधलं होतं. खाली रस्त्याकडं दोन गाळे, मागं चूल, देव आणि आईचं अंथरूण. वर आमची खोली. दुसऱ्या बाळंतपणात माझ्या बायकोच्या, हिराच्या कमरेतलं बळ गेलं. वर भिंत धरून चालायची, पण जिना उतरायचा म्हणजे बसून, एकेक पायरी सरकत... आणि खाली आल्यावर आईच्या खांद्यावर हात टाकून ओढ्याकडं. ही जत्रा दिवसातून दोनदा नको म्हणून ती दुपारनंतर पाणीच पीत नव्हती. सहा महिने मला त्याचा पत्ता नाही. शेवटी आईनंच मला झाडलं, "लोकांची घरं बांधत फिरतोस, बायकोला आडोसा द्याया येईना व्हय रं तुला?" त्याच दिवशी ठरवलं, संडास बांधायचा आणि तो वरच बांधायचा. तेव्हा आमच्याकडं लोकांच्या घरात खालीसुद्धा संडास नव्हता. घरासमोरच्या टपरीवर चहा पिताना एकजण म्हणाला, "गवंडी, आता आमच्या डोक्यावरच बसणार म्हना की!" सगळी टपरी हसली. मीही हसलो, पण मनात म्हणालो, बसूनच दाखवतो.

पुण्यात ठेकेदाराकडं पाइपाचं काम शिकलेला एकजण भोरला आहे असं कळलं. तोच किसन. भोरच्या बौद्धवस्तीतला, माझ्याच वयाचा. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला अहो-जाहो. तेव्हा तसंच चालायचं आणि मलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. त्यानं घराला दोन फेऱ्या मारल्या, मान वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "भांडं मागच्या कोपऱ्यात बसवू. पाइप सरळ खाली, टाकीत. वाकण न्हाई का काय न्हाई."

"मागच्या कोपऱ्याखाली चूल हाय, देव हायेत. त्यांच्या डोक्यावर संडास? आई घर सोडून जाईल."

"मग वैनींच्या खोलीला लागून, पुढच्या कोपऱ्यात करू. पर टाकी मागंच घ्यावी लागंल, पुढं रस्ता हाय. म्हंजी बाजूच्या भिंतीवरनं आडवा पाइप... अठरा फूट." त्यानं बोटं मोडून काहीतरी जुळवलं. "चालंल. वर हवेला पाइप काढू, मागं वळणावर झाकण ठेवू. आन् ढाळ साडेपाच इंच, पुढनं मागं उतरता. तेवढ्यात मातूर हयगय न्हाई चालायची."

त्यानं भिंतीत पाइप धरायचे लोखंडी आकडे ठोकले, पुढं उंच, मागं खाली. पाइप सिमेंटचे होते. "सांधे तुमीच भरा, तुमचा हात चांगला हाय," म्हणाला आणि भोरला दुसऱ्या कामावर गेला.

ती भिंत म्हणजे माझी शान होती. मुद्दाम गिलावा केला नव्हता, रस्त्यावरून जाणाऱ्याला विटांचे थर दिसावेत म्हणून. मी रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिलो आणि बघितलं. एवढ्या सरळ थरांवरून तिरका चाललेला पाइप... नवरीच्या कपाळावर कुंकू फिसकटल्यासारखा. माझ्याच्यानं बघवेना. ज्याचा जन्म पाणसळ लावून थर समतल करण्यात गेला, त्यानं स्वतःच्या भिंतीवर वाकडं काम ठेवायचं? मी आकडे उपटले, पाणसळ धरून पुन्हा ठोकले आणि पाइप असा बसवला की अठरा फुटांत केसाएवढा फरक नाही. सांधे भरले. मिशीला पीळ दिला.

तीन आठवडे छान गेले. हिरा पहिल्यांदा आत जाऊन आली तेव्हा भिंतीला टेकून हसत राहिली. मग एके दिवशी ओतलेलं पाणी खाली जाईना, आणि दुसऱ्या दिवशी वर आलं. हिरा पुन्हा जिन्यावर, पुन्हा बसून, एकेक पायरी.

निरोप गेला तसा किसन पहिल्या एसटीनं आला. त्यानं भिंतीकडं एकदा बघितलं, माझ्याकडं बघितलं, शिडी लावली, माझीच पाणसळ मागून घेतली आणि पाइपावर ठेवली. "गवंडी, बुडबुडा मधोमध! लई सरळ केलंत. पर ही घाण हाय, वरात न्हवं. तिला सरळ रस्ता नगं, उतार पायजे."

टपरीवरची माणसं उठून आली होती. त्यांच्यासमोर मला ते लागलं. मी म्हणालो, "शहाणपण ऱ्हाऊ दे. झाकण खोल आन् घाल हात. तुझंच काम हाय ते."

तो शिडीवरून खाली उतरला. आवाज चढवला नाही. "माझं काम पाइप बसवायचं. माझ्या बापानं गावची मेलेली ढोरं वढायची सोडली, तवा आमच्या घरात दोन दिस चूल पेटली न्हवती. त्यानं सोडलं ते म्या न्हाई धरायचो. तुमच्या न्हाई, कुणाच्याच दारात न्हाई. झाकण म्या खोलतो. हात तुमी घाला."

मी म्हणणार होतो, चालता हो. शब्द तोंडात आला होता... एवढ्यात वरच्या खिडकीतून हिराचा आवाज आला. सगळ्यांसमोर ती कधी बोलायची नाही. "अवं, माझंच हाय की ते. तुमाला माझी किळस येती व्हय?"

मी बाही वर केली.

किती वेळ लागला ठाऊक नाही. किसन जागचा हलला नाही. माझ्या खांद्यामागं उभं राहून सांगत होता, "अजून आत... डावीकडं... हां, आता बांबू घाला." पाणी सुटल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही दोघंही एकदम ओरडलो. मग मी हात धुतले, तीनदा, आणि माझ्या हातावर पाणी घालत होता तो. सांधे फोडून आम्ही पाइप उतरवला, चार पाइप नवे आणले आणि त्यानं सांगितला तसा ढाळ दिला. दोरीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. पलीकडून मी हाक मारली, "किसनराव, आता बघा बरं!" तोंडातून कसं गेलं कळलं नाही. ते तिकडून म्हणाले, "आता झ्याक."

पुढं हिरा एकवीस वर्षं जगली. पुन्हा त्या गरजेपायी तिला जिना उतरावा लागला नाही. हे त्या माणसाचं देणं आहे, माझं नाही.

मग सारोळ्याला, मार्गासनीला, कुठं कुठं लोकांनी बोलावलं. मी भिंती, ते पाइप. लोक म्हणायचे, वरच्या संडासाची अक्कल शिवऱ्याच्या गवंड्याची. किसनराव शेजारी उभे असायचे, बिडी ओढत. मी कधी म्हणालो नाही की माझी नव्हे. तेही म्हणाले नाहीत.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला भोरला गेलो. प्रकाशनं मला पुढं बसवलं आणि जमलेल्या माणसांना म्हणाला, "बाबा घरी नेहमी सांगायचे, पाइप मी पुण्यात शिकलो, पर ढाळ शिकलो तो शिवऱ्याच्या गवंड्याकडनं. असा वाकणारा मालक म्या दुसरा बघितला न्हाई." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला उठून खरं सांगायचं होतं. माझा मोठेपणा आड आला. हात जोडले आणि बसून राहिलो.

तर बाळ प्रकाश, तिथं बोललो नाही ते इथं लिहितोय, चार लोकांनी वाचावं म्हणून. ढाळ मी शिकवला नाही. मी तो घालवला होता. तुझ्या बाबांनी मला तो शिकवला, आणि त्याबरोबर आणखी काय शिकवलं ते तुला वर वाचून कळलंच असेल.

आमची ती भिंत अजून उघड्या विटांची आहे. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, चहाला थांबणारं एखादं पोरगं वर बघून म्हणतं, "आबा, भिंत एवढी सरळ आन् पाइप वाकडा कसा?" आजवर मी "जुनं काम हाय" म्हणून वेळ मारून न्यायचो. परवा एकानं विचारलं, तेव्हा त्याला शेजारी बसवलं, चहा सांगितला आणि म्हणालो, "वाकडा न्हाई रं. किसनरावांनी दिलेला ढाळ हाय तो."