मिस्त्रीची किल्ली

आमच्या साडभाऊंइतका, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका, कुलपांवर जीव असलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि समजावून सांगता सांगता समोरच्याला होतं तेवढंही समजेनासं करणारा तर त्रिभुवनात नाही. मी जन्मभर पोरांना गणित शिकवलं, पण साडभाऊंपुढे बसलो की बे एके बेसुद्धा बोटांवर मोजून घ्यावंसं वाटे.

कापसाची वाईट वर्षं होती ती. साडभाऊ ज्या जिनिंगमध्ये फिटर होते, ती एका हंगामात बंद पडली ती पडलीच. 'मग आता घरीच का?' असं त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. नेमकं तेव्हाच आम्ही यवतमाळला घर बांधायला काढलेलं, आणि मी नोकरीला पांढरकवड्याला. कुणी न सांगता साडभाऊंनी आमच्या साइटवर ड्युटी धरली. रविवारी मी पोचलो की "उशीर केला मास्तर" हे माझ्याच घरात मलाच ऐकावं लागे. प्रत्येक वीट ते ठोकून पाहायचे, आवाज बद्द आला की बाजूला. एकदा बांधून झालेला जिना मोजून म्हणाले, "एक पायरी जास्ती आहे." मी मोजला, बरोबर भरला. मग दोघांनी मिळून मोजला, तर एक कमी! शेवटी आम्ही चहा प्यायलो आणि विषय सोडला.

पुढच्या दाराला त्यांनी नागपूरहून खास कुलूप आणलं. त्याला दोन जातींच्या किल्ल्या: एक मिस्त्रीची, एक मालकाची. काम चालू असेतो मिस्त्रीची चालणार. मालकाची पहिल्यांदा फिरली की मिस्त्रीची कायमची बाद. "कुलूप न बदलता?" मी विचारलं. झालं! घेतली ब्याद अंगावर. माझ्याच खिशातले पाच खडू काढून त्यांनी वाळूत ओळीनं उभे केले.

"पाहा मास्तर. कुलपात अशा पाच खिट्ट्या. किल्लीच्या दातांनी पाचही बरोबर उंचीवर आल्या का कुलूप फिरते. आता मिस्त्रीची किल्ली एका जागी बुटकी. म्हणून त्या खिट्टीच्या डोक्यावर ही बारीक गोळी." त्यांनी एका खडूवर फुटाणा ठेवला. "गोळीनं उंची भरून निघते. मालकाची किल्ली तिथं उंच. ती गोळीले वर लोटते, अन् फिरली का गोळी बाजूच्या भोकात पडून जाते. मग बुटकी किल्ली बुटकीच राह्यते. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो आणि विचाराच्या नादात फुटाणा तोंडात टाकला.

"गोळी खाल्ली न तुम्ही! झाला मिस्त्री बाहेर!" साडभाऊ ओरडले. त्या कुलपातलं मला आजवर समजलं ते एवढंच.

घर पुरं झालं, माझी बदलीही यवतमाळला झाली, तरी मालकाची किल्ली आपली पाकिटात बंद. वास्तुशांत ठरवावी, की साडभाऊंना टपकणारा नळ सापडे. नळ झाला की चौकट. मला वाटलं, कुलपातच काही खोट असणार. शेवटी बायको करवादली, "तुमाले काई समजते का? हे घर पुरं झालं का भाऊजी सकाळी उठून जातीन कुठं?"

मी वास्तुशांतीचं नाव काढणं सोडलं. पण साडभाऊंच्या मनात काय आलं कोण जाणे, एका शुक्रवारी पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, "फिरवा." मी फिरवली. मग त्यांनी आपल्याजवळची मिस्त्रीची लावून पाहिली. हलेना. "एक नंबर कुलूप आहे," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात वास्तुशांत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खुडखुड. उघडलं तर साडभाऊ, हातात मिस्त्रीची किल्ली.

"पक्कं बंद झालं का नाही, पाहाले आलतो," ते म्हणाले. "बराबर आहे. नाही उघडत."

"आता कुठं निघालात?" मी मूर्खासारखं विचारून बसलो. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि किल्ली पुन्हा कुलपात घालून पाहिली.

"बरं झालं आलात," मी घाईघाईनं म्हणालो. "ही समोरची खिडकी घासते हो फार."

ते आत आले. खिडकी दोनदा उघडली, दोनदा लावली. त्यांनीच बसवलेली; लोण्यासारखी चालत होती. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"घासते खरी," ते म्हणाले. "दोन-तीन दिवस लागतीन." आणि शर्टाच्या बाह्या वर करू लागले.